फ्रान्समधला एक लाल-हिरवा पक्ष

फ्रान्समधले डावे म्हटले की समाजवादी आणि कम्युनिस्ट पक्ष आठवतात. ‘लेझ आल्तेर्नातीफ’ हे नाव तिथल्याही अनेकांना ठाऊक नसेल. कामगारांचे शोषण आणि निसर्गाची लूट एकाच अर्थव्यवस्थेतून होते, तेव्हा लढाही एकच हवा, असे मानणारा हा चिमुकला पक्ष १९९८ मध्ये या नावाने उभा राहिला.

मूळ कुठले?

अल्जीरियातील युद्धाला समाजवाद्यांनी दिलेली साथ न पटलेल्या डाव्यांनी १९६० मध्ये ‘पेएसयू’ हा पक्ष काढला. पुढे तो विसर्जित झाला. १९८८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत कम्युनिस्ट पक्षातून बाहेर पडलेल्या पिएर ज्युकँ यांना जेमतेम २ टक्के मते पडली होती. त्यांचे समर्थक आणि पेएसयूचे उरलेले कार्यकर्ते एकत्र आले आणि त्यातूनच पुढे आल्तेर्नातीफ घडला.

घड्याळे आणि मेंढ्या

या मंडळींचा लाडका शब्द ‘ओतोजेस्तियों’, म्हणजे कामगारांनी स्वतः चालवलेला कारभार. हे नुसते पुस्तकी नव्हते. १९७३ मध्ये बझाँसोंच्या लिप घड्याळ कारखान्यावर टाळेबंदीचे सावट आले, तेव्हा कामगारांनी कारखाना ताब्यात घेतला, घड्याळे बनवली आणि स्वतःच विकली. त्यांचे नेते शार्ल पियाजे पेएसयूचेच. तिकडे दक्षिणेत लार्झाकच्या पठारावर लष्करी तळ ३,००० वरून १७,००० हेक्टरांपर्यंत वाढवायचा बेत होता. मेंढपाळ शेतकरी दहा वर्षे लढले. १९८१ मध्ये मित्तेराँ अध्यक्ष झाल्यावर तो बेत रद्द झाला. लाल आणि हिरवे एकत्र येऊ शकतात, हा विश्वास माझ्या मते जाहीरनाम्यांपेक्षा या दोन लढ्यांनी अधिक दिला. आल्तेर्नातीफने त्यात स्त्रीवादाची भर घातली.

मग वाढला का नाही?

विचार कमी पडले असे नाही, नियम आड आले. मतांनुसार मिळणाऱ्या सरकारी अनुदानासाठी किमान ५० मतदारसंघांत प्रत्येकी १ टक्का मते लागतात. अध्यक्षपदाच्या उमेदवाराला ५०० लोकप्रतिनिधींच्या सह्या हव्यात. शिवाय दोन फेऱ्यांच्या मतदानात लहान पक्ष बहुधा पहिल्याच फेरीत गळतो. साहजिकच आघाडी शोधावी लागते.

पुढे काय झाले?

२०१३ मध्ये ‘आंसांब्ल’ ही नवी संघटना निघाली आणि आल्तेर्नातीफचे बहुतेक लोक तिच्यात सामील झाले. आंसांब्लच्या क्लेमांतीन ओतँ २०१७ मध्ये संसदेत पोचल्या, पण त्या निवडून आल्या मेलाँशाँ यांच्या ‘ला फ्रान्स अँसुमीझ’च्या उमेदवार म्हणून.