अंगणातला सुभानमंगळ

दिवाळीची सुट्टी लागली की पोरं अंगणात किल्ल्याची जागा धरतात आणि दरवर्षी तोच घोळ होतो. थोरल्यांना रायगड हवा असतो. विटा-दगडांचा ढीग, त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट, टकमक टोक, सिंहासन. तीन-चार वर्षांच्या धाकट्याच्या वाट्याला पाण्याचा तांब्या आणून द्यायचं काम येतं. तो वाटेत सांडतो, 'तू बाजूला हो' ऐकावं लागतं, आणि पोरगं भोकाड पसरतं.

लहानग्यांना डोंगरी किल्ला देऊच नये, असं माझं मत आहे. त्यांना भुईकोट द्यावा. डोंगर रचायचा नाही, उतार धरायचा नाही, हात पुरतील एवढीच उंची. शिरवळकरांना तर नमुना शोधायला लांब जायलाही नको. नीरेच्या काठी आपला सुभानमंगळ आहे. 1648 साली आदिलशाही सरदार फत्तेखान चालून आला, तेव्हा त्याच्या एका तुकडीनं हा कोट घेतला होता. पुरंदरावरून कावजी मल्हार मावळे घेऊन उतरला आणि कोट परत जिंकला. स्वराज्याच्या अगदी पहिल्या लढायांतली ही एक. आता तिथं एखादा ढासळता बुरूज आणि तटाच्या खुणा उरल्यात. तरी मुलांना आधी तिथं न्याच. बुरुजाला हात लावून आलेलं पोर चित्र बघून करणाऱ्यापेक्षा वेगळा किल्ला करतं.

आता माती. निव्वळ काळी माती घेऊ नका. ती पाण्यानं फुगते, वाळताना आकसते, आणि दुसऱ्या दिवशी तटाला बोटभर भेगा पडतात. तीन वाटे मातीला एक वाटा बारीक वाळू आणि मूठभर भुस्सा मिसळा. भुस्सा मातीला आतून धरून ठेवतो. भिंती लिंपताना आपली आज्जी तेच करायची. मळायचं काम पोरांच्या पायांना द्या, कणकेसारखी झाली की थांबवा. (थांबवणं अवघड जातं, हे आधीच सांगते.)

तटासाठी मातीच्या जाडजूड वळ्या करून एकावर एक ठेवायच्या आणि अंगठ्यानं जोड दाबायचे. बुरुजासाठी स्टीलचा पेला घ्या. आतून कोरडी राख फिरवा, ओली माती ठासून भरा, पालथा घाला, बुडावर दोन टिचक्या. राखेमुळे माती सुटून येते. चार कोपऱ्यांना चार बुरूज. पोरं हमखास विचारतात, बुरूज गोल का? त्याची दोन कारणं. गोल भिंतीवर तोफेचा गोळा बहुधा निसटता लागतो, चौकोनी कोपरा मात्र फुटतो. आणि बुरूज तटाच्या पुढं आलेला असल्यानं भिंतीला चिकटून उभ्या असलेल्या शत्रूवरही वरून नेम धरता येतो. तटामागं बाहुली लपवून दाखवलं, तर चार वर्षांच्या पोरालाही हे कळतं.

मला सगळ्यात आवडतो तो हळीव. बाळंतिणीच्या लाडवातला हाच. वाटीभर पाण्यात दोन चमचे टाकून पंधरा मिनिटं थांबा. प्रत्येक दाण्याभोवती बुळबुळीत पारदर्शक आवरण चढतं. मुलं बोट घालून 'ई' करतात आणि पुन्हा बोट घालतात. गहू किंवा मोहरी उभ्या तटावरून घरंगळून जाते, हळीव मात्र या चिकटपणामुळे जागेवर बसतो आणि त्यातच ओल धरून ठेवतो. पहिल्या अंघोळीच्या पाच-सहा दिवस आधी लावा. दोन-तीन दिवसांत मोड, दिवाळीला हिरवागार तट. पाणी तांब्यानं ओतायचं नाही, ओल्या हातानं शिंपडायचं. परतीचा पाऊस आला तर तेवढ्यापुरतं पोतं झाकावं.

मावळे बाजारातून आणा, पण गाडी घरीच करा. कडब्यातलं ज्वारीचं धाट सोललं की आत पांढरा, हलका भेंड निघतो. सालीची धार हात कापते, म्हणून सोलायचं काम मोठ्यांचं. भेंडाच्या चकत्या म्हणजे चाकं, सालीच्या काड्या म्हणजे आस. भेंडात काडी नुसती खुपसली की बसते, डिंकही लागत नाही. नीरेसाठी ताटलीत पाणी आणि भुईमुगाच्या अर्ध्या टरफलांच्या होड्या. आकाशकंदिलाच्या कामट्या मोठ्यांनी बांधाव्यात. पतंगाच्या कागदाच्या झिरमिळ्या मैद्याच्या खळीनं चिकटवायला मात्र लहान बोटंच बरी.

गेल्या वर्षी आमच्या नातवाला मी सुभानमंगळ दाखवून आणला. घरी येऊन त्यानं पेला एकदाच पालथा घातला आणि हात धुवायला निघाला.

"अरे, बाकीचे तीन बुरूज?"

"आज्जी, तिथं कुठं होते?"

मी गप्प बसले. त्याच्या त्या एकुलत्या बुरुजावर हळीव मात्र असा दाट आला, की भाऊबीजेच्या सकाळी शेजारची शेळी दावं तोडून आली आणि पुढचे दोन पाय बुरुजावर रोवून गड फस्त करून गेली.