घाण्याचं तेल आणि निरोध यांचं जमत नाही

“लाकडी घाण्याचं करडईचं तेल आहे, डोळ्यांदेखत काढून आणलंय. त्यात काय केमिकल हाय का?” संबंधाच्या वेळी कोरडेपणा येतो, आग होते, तेव्हा काय लावता असं विचारलं की लातूर-नांदेडकडच्या बायकांकडून हे उत्तर हमखास येतं. नोकरीवाल्या, शिकलेल्या बायकाही हेच म्हणतात. फक्त करडईच्या जागी ‘कोल्ड प्रेस्ड’ खोबरेल येतं. वर पुरवणी असते, “खातोच की आपण ते, मग लावायला काय झालं?”

मिरचीही आपण खातोच.

करडई हे मराठवाड्याचं जुनं पीक, लातूरला तर गळीतधान्य संशोधन केंद्रच आहे. तेव्हा घाण्याच्या तेलाच्या शुद्धतेबद्दल इथे कुणाशी वाद घालायचा नाही. तेल शुद्ध आहे म्हणजे त्यात भेसळ नाही, एवढंच. पण निरोधच्या रबराला भेसळीशी काही देणंघेणं नसतं, त्याला तेलच चालत नाही. आरोग्य केंद्रातून किंवा आशाताईंकडून मिळणारा निरोध लॅटेक्सचा, म्हणजे रबराच्या चिकाचा असतो. मेडिकलमध्ये मिळणारे बहुतेक ब्रँडही तसेच. तेल त्या रबरात मुरतं, रबर सैल पडतं आणि त्याची ताकद जाते. 1989 साली ‘कॉन्ट्रासेप्शन’ या वैद्यकीय नियतकालिकात याची चाचणी छापून आली. खनिज तेलाशी केवळ 60 सेकंद संपर्क आला आणि निरोधची ताकद सुमारे 90 टक्क्यांनी घटली. बेबी ऑइल हे खनिज तेलच आणि व्हॅसलीन त्याचंच भावंड.

“ते खनिज तेल झालं, आमचं झाडाचं आहे,” हा पुढचा मुद्दा तयारच असतो. जागतिक आरोग्य संघटनेची 2012 ची सूचना असा भेद करत नाही. लॅटेक्ससोबत तेलकट काहीच नको, झाडाचं असो की खनिज. तरीही पटत नसेल तर घरीच बघा. दोन निरोध फुगवून गाठ मारा, एक कोरडाच ठेवा, दुसऱ्यावर बोटाने खोबरेल घेऊन एकाच जागी चोळत राहा. कोरडा फुगा टिकतो, तेलाचा थोड्या वेळात फटकन फुटतो. वापरताना मात्र असा आवाज येत नाही. बारीकशी चीर कुणाला दिसतही नाही. पुढे दिवस गेले की खापर फुटतं ‘फुकटच्या सरकारी मालावर’. त्याच चिरेतून एचआयव्हीही जाऊ शकतो, हे तर कुणाच्या मनातही येत नाही.

नसबंदी झाली असेल किंवा तांबी बसवली असेल तर दिवस जाण्याच्या दृष्टीने तेलाचा प्रश्न नाही. पण जोडीदाराकडून संसर्गाची शंका असेल तर निरोध लागतोच आणि मग तेल बाद.

आता दुसरी शंका, तेलाने आतून काही बिघडतं का? पाळी चालू असते त्या वयात योनीमार्ग आम्लधर्मी असतो, पीएच साधारण 3.8 ते 4.5. तिथले उपयोगी जंतू ही आम्लता राखतात. तेल पाण्याने धुतलं जात नाही, आत रेंगाळतं. लॉस एंजलिसमधल्या 141 स्त्रियांचा एक अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. आत तेल वापरणाऱ्यांपैकी 44 टक्क्यांमध्ये कँडिडा ही बुरशी सापडली, न वापरणाऱ्यांमध्ये 5 टक्के. व्हॅसलीन वापरणाऱ्यांमध्ये जंतूंचा समतोल बिघडल्याचं प्रमाण दुपटीहून जास्त होतं. अभ्यास लहान आहे आणि तेलामुळेच हे झालं असं त्यातून सिद्ध होत नाही. पण अंगावरून पांढरं जातंय, खाज आहे आणि त्यावर उपाय म्हणून पुन्हा तेलच लावलं जातंय, असं चाललं असेल तर आधी थांबायला हवं. “खोबरेल बुरशी मारतं,” हे अर्धसत्य आहे. नायजेरियातल्या 2007 च्या प्रयोगात ते मारलं, पण काचेच्या बशीत.

उलट बाजूही सांगायला हवी, तेल म्हणजे काही विष नव्हे. स्तनाच्या कर्करोगातून उठलेल्या 25 स्त्रियांवर ऑस्ट्रेलियात झालेल्या छोट्या अभ्यासात ऑलिव्ह तेल इतर उपायांच्या जोडीने वापरलं गेलं आणि त्यांचा त्रास कमी झाला. पाळी गेलेली, निरोधची गरज नसलेली, वारंवार संसर्ग न होणारी बाई बिनवासाचं साधं तेल बेताने वापरत असेल तर तिला घाबरवण्याचं कारण नाही.

कोरडेपणा मुळात येतो कशाने, हे मात्र कुणी विचारत नाही. बाळ अंगावर पीत असताना इस्ट्रोजेन, म्हणजे योनीमार्ग ओलसर ठेवणारं संप्रेरक, कमी असतं, पाळी गेल्यावर तर असतंच. आणि “पिशवी काढली म्हणून कोरडं पडलं” हे या भागात फार ऐकू येतं. शेजारच्या बीडमध्ये 2019 साली या शस्त्रक्रियांची चौकशी करणाऱ्या, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आकडा आला तो असा: पाहणी केलेल्या 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली. पण इस्ट्रोजेन पिशवीत तयार होत नाही, बीजांडकोशात होतं. पिशवीबरोबर दोन्ही बीजांडकोशही काढले असतील तर तिशीतल्या बाईची पाळी जाण्याची अवस्था एका दिवसात येते. म्हणून ऑपरेशनचा कागद शोधा आणि नेमकं काय काढलं ते डॉक्टरांना विचारा. अशा कोरडेपणावर आत लावायची इस्ट्रोजेनची क्रीम मिळते. कर्करोग होऊन गेलेल्यांनी ती आपल्या मनाने घेऊ नये.

बाकीचे समज थोडक्यात. साजूक तूपही तेलच, निरोधला तेही चालत नाही. कापूर-मेंथॉलचं ‘थंडा तेल’ आणि सुगंधी केशतेल तिथे झोंबतं. अंगणातल्या कोरफडीचा पिवळा चीक त्वचेला त्रास देतो. थुंकी लगेच वाळते, शिवाय दिवस जाण्यासाठी प्रयत्न चालू असतील तर शुक्रजंतूंची हालचाल मंदावते. लिग्नोकेनची जेली वंगण नव्हे, ती जागा बधिर करते आणि दुखणं झाकून ठेवते. तेल निघावं म्हणून आतून साबणाने धुणं तर सगळ्यात वाईट.

निरोधसोबत पाण्याचं किंवा सिलिकॉनचं जेल चालतं. पाण्याचं जेल आहे म्हणून कुठलंही उचलू नका. फार दाट, ग्लिसरीनवालं जेल पेशींतलं पाणी ओढून घेतं, आग वाढते. जागतिक आरोग्य संघटना पीएच 4.5 च्या आसपासचं आणि ऑस्मोलॅलिटी (पाणी ओढण्याचा जोर) 1200 च्या आतलं, जमल्यास 380 च्या आतलं जेल सुचवते. वेष्टनावर हे बहुधा छापलेलं नसतं. ग्लिसरीन आणि सुवास नसलेलं मागितलं तरी बरंच काम होतं. मेडिकलवाल्याला विचारायला लाज वाटत असेल तर चिठ्ठीवर लिहून द्या.

नांदेडला विष्णुपुरीचं शासकीय महाविद्यालय आणि लातूरची विलासराव देशमुख संस्था, दोन्हीकडे स्त्रीरोग विभाग आहे. पाळी जाऊन वर्ष उलटलंय आणि संबंधानंतर रक्ताचा ठिपका दिसला, तर “कोरडेपणाचंच असेल” म्हणून तेलाची बाटली काढायची नाही. गर्भाशयाच्या मुखाच्या किंवा पिशवीच्या कर्करोगाची पहिली खूण अशीही असू शकते. त्याच आठवड्यात जाऊन तपासून घ्यायचं.