अनुरणन : चित्रपट संपल्यानंतरचा चित्रपट

म्हैसूरच्या महाराजा कॉलेजात संस्कृतचे अध्यापन करणारे म. हिरियण्णा (१८७१–१९५०) यांचे सौंदर्यविषयक निबंध त्यांच्या निधनानंतर १९५४ मध्ये ‘आर्ट एक्स्पीरियन्स’ या नावाने म्हैसूर येथूनच प्रसिद्ध झाले. कलानुभव हा मोक्षानुभवाच्या जवळचा असतो, त्यात रसिकाचा अहंभाव काही काळ गळून पडतो, हे त्यांच्या प्रतिपादनाचे एक अंग होय. दुसरे अंग त्याहून कमी उल्लेखिले जाते. कलानुभव हा बाह्य निमित्तावर अवलंबून असल्यामुळे क्षणिक असतो. निमित्त दूर झाले की अनुभवही मावळतो आणि रसिक आपल्या नित्याच्या संसारात परततो. पडदा पडला, दिवे लागले, लोक चपला शोधू लागले, की रसाचे राज्य संपले.

काही चित्रपट मात्र या नियमाला जुमानीत नाहीत. पाहताना ते फारसे सुखावह वाटत नाहीत. कित्येकदा कंटाळवाणेही वाटतात. पण दोन दिवसांनी, दोन महिन्यांनी, क्वचित वीस वर्षांनी त्यांतील एखादा प्रसंग मनात उभा राहतो आणि ‘मग पुढे काय झाले असेल?’ किंवा ‘त्याने तसे का केले?’ असे विचारू लागतो. या उत्तरपरिणामाचे स्वरूप काय, हे तपासण्यासाठी फार दूर जावयास नको. कन्नड चित्रपटात १९७० नंतर जे नवे वळण आले, त्याच्या मुळाशी असलेल्या दोन कादंबऱ्या म्हैसूरशी संबंधित दोन लेखकांच्या आहेत, आणि त्या दोन्ही १९६५ या एकाच वर्षी प्रसिद्ध झाल्या. यू. आर. अनंतमूर्ती यांची ‘संस्कार’ ही त्यांपैकी पहिली, आणि एस. एल. भैरप्पा यांची ‘वंशवृक्ष’ ही दुसरी.

‘संस्कार’चा उगमच मुळी एका चित्रपटात आहे. म्हैसूर विद्यापीठातून इंग्रजी विषय घेऊन एम. ए. झालेले आणि तेथेच अध्यापन केलेले अनंतमूर्ती १९६३ नंतर संशोधनासाठी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम विद्यापीठात होते. तेथे त्यांनी स्वीडिश दिग्दर्शक इंगमार बर्गमन यांचा ‘द सेव्हन्थ सील’ (१९५७) हा चित्रपट पाहिला, तोही उपशीर्षकांवाचून. धर्मयुद्धाहून परतलेला सरदार, देशभर पसरलेली प्लेगची साथ आणि त्या सरदाराचा प्रत्यक्ष मृत्यूशी चाललेला बुद्धिबळाचा डाव असा त्याचा विषय. संवाद न कळूनही, किंबहुना न कळल्यामुळेच, चित्रपट या प्रेक्षकाच्या मनात घर करून राहिला. आपले मार्गदर्शक, कादंबरीकार माल्कम ब्रॅडबरी यांच्याशी बोलताना त्यांच्या लक्षात आले, की युरोपीय कलावंताला मध्ययुग ग्रंथांच्या आधारे पुन्हा रचावे लागते; भारतीय लेखकाच्या बालपणीच्या अंगणात मात्र ते विसाव्या शतकाशेजारीच नांदत असते. या चिंतनातून ‘संस्कार’ लिहिली गेली. प्रेक्षकाने चित्रपटाला दिलेले उत्तर एका कादंबरीच्या रूपाने यावे, याहून उत्तरपरिणामाचा ठळक पुरावा कोणता?

प्लेग येथेही आहे. दूर्वासपुर नावाच्या अग्रहारात, म्हणजे ब्राह्मणवस्तीत, नारणप्पा हा आचारभ्रष्ट ब्राह्मण मरतो. त्याने मद्यमांस वर्ज्य मानले नाही, चंद्री या हीन मानल्या गेलेल्या जातीच्या स्त्रीबरोबर संसार केला. पण ग्रामस्थांनी त्याला जातिबाह्यही केले नव्हते. तेव्हा त्याचे प्रेतसंस्कार कोणी करावेत? निर्णय होईपर्यंत कोणालाही अन्न घेता येत नाही. विद्वान प्राणेशाचार्य पोथ्या चाळतात, मारुतीच्या देवळात कौल मागतात. उत्तर येत नाही. इकडे उंदीर मरून पडू लागतात, छपरांवर गिधाडे बसतात, आणि त्यांना हाकलण्यासाठी पूजेचेच शंख आणि घंटा वाजविल्या जातात. त्याच रात्री अरण्यात आचार्य आणि चंद्री यांचा समागम घडतो, आणि निर्णय देणाराच निर्णयाचा विषय होऊन बसतो.

कथेतील एक योजना येथे विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. प्रेताचे दहन प्रत्यक्षात होऊन जाते. एका मुसलमान माणसाच्या साहाय्याने चंद्री ते गुपचूप उरकते आणि गाव सोडून जाते. अग्रहारातील ब्राह्मणांना आणि आचार्यांना याचा पत्ता नाही. तो फक्त वाचकाला किंवा प्रेक्षकाला आहे. प्रेत नाहीसे झाले तरी प्रश्न तसाच पडून राहतो, कारण प्रश्न कधी प्रेताचा नव्हताच. पुढे आचार्य रानोमाळ भटकतात, जत्रेच्या गर्दीत सापडतात, ओळखले जाण्याच्या भीतीने दचकतात आणि अखेरीस दूर्वासपुराकडे परत निघतात. तेथे पोहोचल्यावर ते खरे सांगतात की नाही? कथा तेथेच थांबते. जे ज्ञान पात्रांजवळ नाही ते प्रेक्षकाच्या पदरात टाकायचे, आणि जो निर्णय पात्राने घ्यावयाचा तोही त्याच्यावरच सोपवायचा, अशी ही दुहेरी जबाबदारी आहे.

‘संस्कार’ हा शब्दही येथे साह्यास येतो. अ. क. रामानुजन हे म्हैसूरचेच. त्यांनी या कादंबरीचा इंग्रजी अनुवाद १९७६ मध्ये प्रसिद्ध करताना आरंभी या शब्दाचे कोशगत अर्थ दिले, आणि ते योग्यच झाले. अंत्यविधी हा एक अर्थ. शुद्धी, संस्करण, घडण हे आणखी काही. नैयायिकांच्या परिभाषेत मात्र संस्काराचा ‘भावना’ हा एक प्रकार आहे : अनुभव संपल्यावर आत्म्यात मागे राहणारा आणि पुढे स्मृतीला कारण होणारा ठसा. ज्या चित्रपटाने प्रेक्षकाच्या मनावर असा ठसा उमटविला त्याचे नावच ‘संस्कार’ असावे, हा योगायोग सुखद म्हणावा लागेल.

हा चित्रपट १९७० मध्ये तयार झाला. दिग्दर्शक पट्टाभिराम रेड्डी हे तेलुगू कवी. पटकथा लिहून प्राणेशाचार्यांची भूमिका करणारे गिरीश कार्नाड हे माथेरानला जन्मलेले आणि मराठी नाटकांशी परिचित असलेले कन्नड नाटककार. नारणप्पाच्या भूमिकेत कन्नड लेखक पी. लंकेश, चंद्रीच्या भूमिकेत स्नेहलता रेड्डी, छायालेखक टॉम कॉवन ऑस्ट्रेलियाचे, संगीत सरोदवादक राजीव तारानाथ यांचे. एका भाषेच्या चित्रपटाला इतक्या ठिकाणचे हात लागावेत, हे त्या काळी नवलाचे होते. मद्रासच्या सेन्सॉर मंडळाने त्याला प्रमाणपत्र नाकारले. जातीय तेढ वाढेल, ही भीती. पुढे केंद्रीय पातळीवर ही बंदी उठली आणि १९७० चा सर्वोत्कृष्ट भारतीय चित्रपट म्हणून त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. सेन्सॉर मंडळाची भीती सर्वस्वी निराधार होती असेही नाही. जो चित्रपट पाहून लोक निमूटपणे घरी जाऊन झोपतात, त्यावर बंदी घालण्याचे कष्ट कोणी घेत नाही.

‘वंशवृक्ष’ची जातकुळी वेगळी. ही कथा थेट म्हैसूरची आणि तेथून जवळच, कपिला नदीच्या काठी असलेल्या नंजनगूडची. श्रीनिवास श्रोत्री हे नंजनगूडचे धर्मनिष्ठ गृहस्थ. त्यांचा तरुण मुलगा कपिलेत बुडून मरतो. विधवा सून कात्यायनी म्हैसूरच्या कॉलेजात शिकू लागते, तेथील एका तरुण प्राध्यापकाच्या प्रेमात पडते, पुनर्विवाह करते. तिचा मुलगा मात्र श्रोत्रींच्या घरीच राहतो. कथेच्या उत्तरार्धात श्रोत्रींना आपल्या स्वतःच्या जन्माचे रहस्य कळते : ज्या वंशासाठी त्यांनी आयुष्यभर धर्म सांभाळला, त्या वंशाचे रक्त त्यांच्या अंगात नाही.

या कादंबरीवरील चित्रपट ब. व. कारंत आणि गिरीश कार्नाड यांनी मिळून दिग्दर्शित केला आणि १९७१ च्या राष्ट्रीय पुरस्कारांत दिग्दर्शनाचे पारितोषिक दोघांना विभागून मिळाले. कादंबरीचा सारा विस्तार पडद्यावर मावणे शक्यच नव्हते. पण तिचा मध्यवर्ती पेच टिकून राहिला. कात्यायनीचे पुनर्विवाहानंतरचे गर्भ टिकत नाहीत. हा शरीराचा अपघात, तिच्या मनातील अपराधभावनेचा परिणाम, की लेखकाने तिला दिलेली शिक्षा? भैरप्पांच्या टीकाकारांनी तिसरा अर्थ लावला, चाहत्यांनी दुसरा. उमा कुलकर्णी यांच्या अनुवादामुळे ही कादंबरी मराठी वाचकांच्याही परिचयाची झाली, आणि महाराष्ट्रात, जेथे धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विधवेशी विवाह करून समाजाचा रोष ओढवून घेतला होता, तेथे हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नव्हते. अनंतमूर्ती आणि भैरप्पा यांची मते पुढील काळात परस्परांपासून फार दूर गेली. तरी या दोन कथांत एक साम्य उरतेच : धर्माचा निर्णय करणाऱ्या पुरुषाच्या पायाखालची जमीनच दोन्हींकडे सरकते. पुरोगामी प्रेक्षकाला श्रोत्रींविषयी आदर वाटतो आणि परंपरानिष्ठाला कात्यायनीविषयी कणव. दोघेही चित्रपटगृहातून थोडे अस्वस्थ होऊन निघतात. ‘वंशवृक्ष’चे खरे यश येथे आहे.

आता हिरियण्णांच्या आक्षेपाकडे वळता येईल. रस मावळतो हे खरे. पण संस्कृत काव्यशास्त्रात रसाखेरीज आणखी एक वाट आहे. नवव्या शतकातील आनंदवर्धनाने ध्वनीचे दोन मोठे प्रकार केले. एकात वाच्य आणि व्यंग्य यांच्यामधला क्रम जाणवतच नाही. अर्थ कळतो न कळतो तोच रस प्रतीत होतो. दुसऱ्यात हा क्रम जाणवतो : घंटेवर टोला पडल्यानंतर काही वेळाने तिचा घुमारा ऐकू यावा, तसा व्यंग्यार्थ मागाहून येतो. या दुसऱ्या प्रकाराला त्याने अनुस्वानाची, अनुरणनाची उपमा दिली. रडविणारा चित्रपट पहिल्या वाटेने जातो. त्याचे काम खुर्चीतच होते. जो नंतर विचार करावयास लावतो, तो दुसऱ्या वाटेचा. अर्थात आनंदवर्धनाच्या डोळ्यांपुढे श्लोक होता, दोन तासांचा चित्रपट नव्हता. तेव्हा ही उपमा फार ताणणे योग्य होणार नाही. तथापि टोला आणि घुमारा यांच्यामधील अंतर ही कल्पना चित्रपटाला चांगली लागू पडते. हे अंतर निर्माण होण्यासाठी टोल्यानंतर हाताने घंटा धरून ठेवता कामा नये. पार्श्वसंगीताचा मारा, शेवटचे स्पष्टीकरण, दुष्टाचे शासन, ही सारी घंटा धरून ठेवण्याचीच साधने आहेत.

मराठी प्रेक्षकाला याची उदाहरणे घरातच सापडतील. जब्बार पटेल यांच्या ‘उंबरठा’मध्ये (१९८२) सुलभा महाजन दुसऱ्यांदा घर सोडते, ती कोठे जाणार हे चित्रपट सांगत नाही. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’च्या (२०१३) अखेरीस जब्याने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्याच्या रोखाने येतो, आणि इतका वेळ अंधारात सुरक्षित बसलेल्या प्रेक्षकाला आपण कोणत्या बाजूला बसलो होतो याची जाणीव होते.

या परंपरेतील सर्वांत संयत चित्रपट मात्र ‘घटश्राद्ध’ (१९७७) हाच होय. अनंतमूर्तींच्याच कथेवर, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून नुकतेच बाहेर पडलेल्या गिरीश कासारवळ्ळी यांनी तो काढला आणि त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळविले. शीर्षकाचा विधी मराठीभाषकांना वेगळ्या नावाने ठाऊक आहे. जातीबाहेर टाकलेल्या जिवंत माणसाचे तो मेला असे मानून श्राद्ध घालावयाचे आणि मातीचा घट फोडून संबंध तोडावयाचा, हा तो विधी. आज विवाहविच्छेदाला रूढ झालेला ‘घटस्फोट’ हा शब्द याच विधीतून आला. उच्चारताना त्यातील मडके आता कोणालाच आठवत नाही.

वेदपाठशाळेत घातलेला नाणी हा लहान मुलगा घराच्या आठवणीने व्याकूळ आहे. गुरूची विधवा मुलगी यमुना त्याला माया लावते. ती एका शिक्षकापासून गरोदर राहते, आणि पुढचे सारे त्या मुलाच्या नजरेसमोर घडते. त्याला त्यातील निम्मेच कळते. चित्रपट त्याच्या आकलनाच्या पुढे एक पाऊलही टाकीत नाही. जे त्याला कळले नाही ते प्रेक्षकाला कळते, आणि ते कोणाला सांगावे हे मात्र कळत नाही. बर्मिंगहॅममध्ये संवाद न समजता बर्गमन पाहणाऱ्या त्या प्रेक्षकाची स्थिती काहीशी अशीच होती. मराठी वाचकाला येथे दुसरी एक यमुना आठवल्यावाचून राहणार नाही. हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो?’ मधील यमूचेही केशवपन होते. पण तेथे ती स्वतः आपली कहाणी सांगते आणि शीर्षकातच वाचकाला प्रश्न विचारते. कासारवळ्ळींची यमुना काहीच विचारीत नाही.

‘घटश्राद्ध’ची मूळ फिल्म दुरुस्त करून नवी प्रत तयार करण्यात आली आणि २०२४ मध्ये ती व्हेनिसच्या महोत्सवात दाखविली गेली. अग्रहार, सोवळे, केशवपन यांतले काहीही ज्यांनी पाहिलेले नाही, अशा प्रेक्षकांसमोर जवळजवळ अर्ध्या शतकाने तेच अखेरचे दृश्य पुन्हा आले. पाठशाळा बंद पडली आहे, वडील नाणीला घरी घेऊन निघाले आहेत, आणि मागे झाडाखाली केशवपन केलेली यमुना एकटी बसली आहे.