कालवड दूध देण्याआधीच वळूची पारख

छत्रपती संभाजीनगरच्या हर्सूल भागात महाराष्ट्र पशुधन विकास मंडळाची गोठित रेत प्रयोगशाळा आहे. वळूंचे रेत इथे पाव मिलिलिटरच्या प्लॅस्टिक कांड्यांत भरून उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये साठवतात. कांडी बॉलपेनच्या रिफिलीपेक्षाही बारीक. तिच्यावर वळूचा क्रमांक, जात, केंद्राची खूण आणि तारीख छापलेली असते. गोठ्यात गाय माजावर आली की अशी कांडी कंटेनरमधून बाहेर निघते, ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट राहते आणि गाय भरवली जाते. शेतकरी गाय पारखून घेतो, तिची कास बघतो, सड बघतो, चार जणांना विचारतो. वासराचा अर्धा वारसा ज्याच्याकडून येतो, तो वळू मात्र त्याच्यापुढे फक्त एका क्रमांकाच्या रूपात येतो.

गाय आयुष्यभरात पाच-सात वासरे देते. चांगल्या वळूपासून वर्षाला हजारो कांड्या मिळतात. म्हणून कळप सुधारायचा तर वळूची निवड सर्वांत महत्त्वाची, आणि तीच सर्वांत अवघड, कारण वळू दूध देत नाही. त्याच्या आईचे दूध पाहून अंदाज बांधायचा किंवा त्याच्या मुली दुधात येईपर्यंत थांबायचे. वळू वयात येणार, गायी गाभण राहणार, नऊ महिन्यांनी कालवडी जन्मणार, त्या वाढून विणार, मग त्यांचे एक वेत मोजले जाणार. यात सहा-सात वर्षे सहज जातात. जगभरातले डेअरी उद्योग अनेक दशके ही वाट बघत आले.

वाट सोपी झाली ती २००१मध्ये मेउविसेन, हेज आणि गॉडर्ड या तीन संशोधकांच्या एका शोधनिबंधाने. दुधाचे असे एकच जनुक नसते. हजारो ठिकाणचे छोटे छोटे फरक मिळून दूध कमी-जास्त होते. मग प्रत्येक फरक वेगळा शोधत बसण्यापेक्षा गुणसूत्रांवर सगळीकडे पसरलेल्या खुणा एकदम वाचायच्या, ज्या गायींचे दूध मोजलेले आहे त्यांच्या खुणांशी त्या ताडायच्या आणि नव्या वासराची बेरीज मांडायची, अशी ही कल्पना. कागदावरच्या वंशावळीत दोन सख्खे भाऊ सारखेच दिसतात. प्रत्यक्षात एकाला आईच्या गुणसूत्राचा जो तुकडा मिळाला, तो दुसऱ्याला मिळालेला नसतो. या खुणा एकदम वाचणारी जनुकीय चिप हा फरक वासरू काही दिवसांचे असतानाच दाखवते. त्यासाठी रक्ताचे चार थेंब किंवा मुळासकट उपटलेले केस पुरतात.

जानेवारी २००९मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने होल्स्टीन वळूंची पहिली अधिकृत जनुकीय क्रमवारी जाहीर केली. तिच्यात बॅजर-ब्लफ फॅनी फ्रेडी हा वळू अव्वल ठरला. तोवर त्याची एकही मुलगी दुधात आलेली नव्हती. सुमारे ५०,००० खुणा वाचून केलेले ते भाकीत होते. २०१२पर्यंत त्याच्या तीनशेहून अधिक मुलींच्या नोंदी हाती आल्या आणि भाकीत खरे ठरले.

भारतातही चिपा तयार झाल्या आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पशु जैवतंत्रज्ञान संस्थेने ऑगस्ट २०२१मध्ये ११,४९६ खुणांची ‘इंडिगौ’ आणली. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीम इथल्या कार्यक्रमात पंतप्रधानांच्या हस्ते गायींसाठी ‘गौचिप’ आणि म्हशींसाठी ‘महिषचिप’ यांचे उद्घाटन झाले. बाहेरची तयार चिप का चालत नाही, याचे उत्तर चौदाव्या गुणसूत्रावरच्या ‘डीजीएटी-१’ या जनुकात सापडते. त्याचे एक रूप दुधातले स्निग्धांश वाढवते, दुसरे दुधाचे प्रमाण वाढवते. होल्स्टीनमध्ये दोन्ही रूपे आढळतात, म्हणून तिथे ही खूण वळू निवडायला फार उपयोगी पडते. आपल्या देशी गायींत मात्र जवळपास सगळ्यांकडे स्निग्धांश वाढवणारे रूपच असते. जिथे सगळे सारखेच, तिथे निवड कशाची करणार? गीर असो की देवणी, तिच्यात फरक नेमका कुठे आहे हे तिच्याच जातीत शोधावे लागते.

मराठवाड्यासाठी खरा प्रश्न इथे सुरू होतो. लातूर-उदगीरची देवणी आणि नांदेड-कंधारची लाल कंधारी या इथल्या दोन मुख्य जाती. देवणीत पांढऱ्या अंगाची आणि काळसर तोंडाची वानेरा, पूर्ण पांढरी बालंक्या, ठिपक्यांची शेवरा असे प्रकार ओळखले जातात. ही गुरे उन्हात टिकतात, भरड चाऱ्यावर जगतात आणि बैल कामाला दणकट. पण त्यांच्या दुधाचा, दोन वेतांमधल्या अंतराचा, आजारपणाचा हिशेब फार थोड्या गोठ्यांत लिहिला जातो. चिप स्वतःहून काहीच सांगत नाही. हजारो मोजलेल्या गायींशी तुलना केली तरच तिच्या खुणांना अर्थ येतो. महिन्यातून एक दिवस सकाळ-संध्याकाळ गोठ्यात जाऊन दूध मोजायचे, कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी क्रमांक तपासून नोंद करायची, आणि हे एकाच गावात वर्षानुवर्षे चालू ठेवायचे. हे काम दिसायला किरकोळ, पण सगळी उभारणी त्याच्यावरच आहे. दोन-तीन गायींच्या गोठ्यांत ते महाग पडते, म्हणून ते शेतकऱ्याच्या उत्साहावर सोडून भागणार नाही. चिपेवर खर्च होतो, तसाच नोंद घेणाऱ्या माणसाच्या मानधनावरही व्हायला हवा.

नोंदी काय ठेवायच्या, हेही आत्ताच ठरवावे लागेल. निव्वळ दुधावर वळू निवडत गेलो, तर ज्या काटकपणासाठी देवणी राखायची, तोच काही पिढ्यांत निसटून जाईल.

एकाच उत्तम वळूच्या मागे सगळे लागले की काय होते, हेही अमेरिकेत दिसून आले आहे. १९६२मध्ये जन्मलेल्या पॉनी फार्म आर्लिंडा चीफ या होल्स्टीन वळूला सुमारे १६,००० मुली झाल्या, ५ लाख नाती आणि २० लाखांहून अधिक पणत्या. दूध भरपूर वाढले. पण त्याच्या एका जनुकात दोष होता. तो आई आणि बाप दोघांकडून आला, तर गर्भ पोटातच मरतो. शेतकऱ्याला दिसायचे ते एवढेच की गाय उलटली. पुढे हजारो जनावरांच्या चिपा तपासताना चीफचा तो तुकडा दुहेरी असलेले एकही जिवंत जनावर सापडेना. त्यावरून दोषाचा माग लागला. तोवर जगभरात सुमारे ५ लाख गर्भ गेले होते आणि नुकसान ४२ कोटी डॉलरच्या घरात पोचले होते.

देवणी आणि लाल कंधारीचा कळप होल्स्टीनच्या मानाने अगदी लहान. मोजक्या वळूंवर पैदास चालली, तर नात्यातच नाते लागायला वेळ लागत नाही, आणि वंशावळ कागदावर नसेल तर ते कळतही नाही. रक्ताचे नाते मात्र चिप नेमके सांगते, आणि त्यासाठी दुधाच्या एकाही नोंदीची गरज नसते. दुधाचे भाकीत करायला लागणाऱ्या नोंदी जमायला काही वर्षे जातील. पण आज वळू म्हणून राखलेल्या प्रत्येक देवणी आणि लाल कंधारी गोऱ्ह्याची चिप तपासून घेतली, तर कोणते दोन गोऱ्हे एकाच घराण्यातले आहेत आणि कोणता गोऱ्हा कोणत्या गावाकडे पाठवायचा नाही, हे येत्या हंगामातच ठरवता येईल.