ऐकीव ज्ञान आणि ध्वनीचा धडा

न्यायालयात ऐकीव पुराव्यास सामान्यतः किंमत नसते, हे कोर्टाची पायरी चढलेल्या आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. साक्षीदाराने स्वतः काय अनुभविले, एवढेच तेथे विचारितात. परंतु उद्याचे साक्षीदार, पंच आणि मतदार ज्या मुलांतून निघावयाचे, त्यांस शाळेत बहुतेक ज्ञान ऐकीवच मिळते! ‘ध्वनी कंपनाने उत्पन्न होतो’ हे वाक्य आठ वर्षांचे मूल घडाघडा म्हणते. कंपन म्हणजे काय, असे विचारिले की गुरुजींच्या तोंडाकडे पाहू लागते. 2020 सालच्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने अनुभवातून शिकविण्याचा पुरस्कार केला आहे. पण तो कागदावरच राहिला, तर तेही एक पाठांतरच ठरेल.

वास्तविक या विषयास लागणारे साहित्य घरोघरी आहे. पितळी थाळीस पळीचा टोला द्यावा आणि मुलाकडून तिच्या काठास हळूच बोट लावून घ्यावे. थरथर बोटास कळते, आणि काठ घट्ट धरताच नाद थांबतो. पातेल्याच्या तोंडावर फुग्याचे रबर ताणून बसवावे, वर मोहरीचे दाणे टाकावेत, आणि जवळच ताट वाजवावे. न शिवलेले दाणे नाचू लागतात.

आता दोन सारख्या काचेच्या बाटल्या घ्या. एकीत पाणी थोडे, दुसरीत पुष्कळ. चमच्याने वाजविल्यास पुष्कळ पाण्याची बाटली खालचा स्वर देते. परंतु तोंडावर आडवी फुंकर घातली, तर तिचाच स्वर वर चढतो! ‘पाणी वाढले की स्वर उतरतो’ असा नियम घोकलेले मूल येथे फसते, आणि येथेच पुस्तकाचे काम सुरू होते. टोला दिला असता काच व पाणी मिळून थरथरतात. पाणी वाढले की भार वाढतो, कंप मंदावतो. फुंकरीने मात्र आतील हवा कंप पावते. पाणी वाढले की तिला जागा कमी उरते, कंप जलद होतो. हाताने प्रश्न विचारावा, पुस्तकाने उत्तर द्यावे, आणि हाताने त्या उत्तराची उलटतपासणी करावी, हाच खरा क्रम होय.

कोणी म्हणेल, हा पोरखेळ आहे. परंतु मृदंग व तबल्याच्या नादात सुरेल उपस्वर कसे येतात, याविषयी चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शिवकाली कुमार यांसह 1920 साली ‘नेचर’ नियतकालिकात लिहिले, तेव्हा त्यांनी आपल्या घरच्या वाद्यांचाच विचार केला होता. आणि आमच्याच पुण्यात ‘आयुका’ संस्थेच्या बालविज्ञान केंद्रात श्री. अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करून दाखविली. त्यांस 2018 साली पद्मश्री मिळाली.

तेव्हा आमच्या व्यापारी बंधूंस विनंती आहे की, उत्सवांत कर्ण्यांवर जो पैसा उडतो, त्याचा अल्पांश या कामी द्यावा. प्रत्येक पेठेच्या वाचनालयात बालविज्ञानाच्या मराठी पुस्तकांचे एक कपाट, त्याशेजारी बाटल्या, दोरा, फुगे, थाळ्या यांची एक पेटी, आणि रविवारी दोन तास देणारा एक जाणता गृहस्थ, एवढे पुरे. जे मूल लहानपणी पडताळा घेण्यास शिकत नाही, ते मोठेपणी बाजारातील अफवेवर आणि सभेतील आरोळीवर विश्वास ठेविते. ‘मी स्वतः करून पाहिले’ असे म्हणणारी पिढी हवी असेल, तर तिचा पहिला धडा घरातल्या थाळीवरच देता येतो.