कोऱ्या चेहऱ्यांची बोलकी चित्रे

एक प्रयोग करा. वरसावे येथे वसईच्या खाडीकाठी मित्राला शंभर मीटर दूर उभे करा. (वाहने धावतात त्या पुलावर मात्र नको!) तो हसतो आहे की रुसला आहे, हे सांगता येईल का? निरोगी डोळ्याला सुमारे १ कला, म्हणजे अंशाच्या ६० व्या भागाएवढा, कोन वेगळा ओळखता येतो. शंभर मीटरवर एवढ्या कोनात सुमारे ३ सेंटिमीटर मावतात. हसताना ओठांचा कोपरा सरकतो जेमतेम १ सेंटिमीटर. तो दिसणार कसा? पण मित्राने मान खाली घालून खांदे पाडले, तर तो खट्टू आहे हे तुम्ही लगेच ओळखाल.

लहानशा चित्रातही हीच अडचण येते. वांग शिफू यांचे 'पश्चिम कक्षाची कथा' हे सुमारे १३०० सालचे चिनी प्रेमनाट्य. त्याच्या १६३९ सालच्या आवृत्तीसाठी चेन होंगशोउ यांनी चित्रे काढली. ती लाकडी ठशांवरून छापली गेली. एका चित्रात नायिका यिंगयिंग प्रियकराचे पत्र वाचते आहे. चेहरा अगदी शांत. असे चेहरे पाहून पुष्कळजण म्हणतात, चिनी चित्रांत भावनाच नसते!

हिशेब करू. खरा चेहरा २० सेंटिमीटर, चित्रातला समजा १ सेंटिमीटर. म्हणजे ओठाची ती हालचाल चित्रात उरते अर्धा मिलिमीटर. जवळजवळ कोरलेल्या रेषेच्या जाडीएवढी. कोरणी जरा घसरली की लाजेच्या जागी राग दिसायचा.

मग भावना गेली कुठे? यिंगयिंगमागे फुलापाखरांची चित्रे असलेला चार फळ्यांचा उभा पडदा आहे. त्याच्याआडून दासी होंगनियांग ओठांशी बोट नेऊन डोकावते. पत्र गुपित आहे, वाचणारीला भोवतालचे भान नाही, हे त्या डोकावण्यातूनच कळते.

सारे श्रेय कोरणीला देणे मात्र चूक ठरेल. रेशमावरच्या मोठ्या चित्रांतही चिनी चेहरे बहुधा संयतच असतात; तिथली रुचीच तशी होती.

आपल्याकडे राजा रविवर्मा यांनी १८९४ साली घाटकोपरला शिळाछापखाना काढला. दगडावर बारीक ठिपक्यांनी गालावरची छटाही उतरवता येते. तरीही कालिदासाच्या नाटकावरील त्यांचे शकुंतलेचे प्रसिद्ध चित्र पाहा. पायातला काटा काढण्याचे निमित्त करून ती मागे वळून दुष्यंताला शोधते आहे. तिचा चेहरा अंगठ्याने झाका आणि वळलेली मान, उचललेला पाऊल एवढेच पाहून ती काय करते आहे ते मित्राला विचारा.