देणाऱ्याचा हात आणि आपला हिवताप

परदेशातून द्रव्य येते तेव्हा त्याच्यासवे एक मतही येते, हे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. आमच्या मुलखास परक्यांचे दातृत्व नवीन नाही. 1852 साली अमेरिकन मिशनरी वाइल्डर कोल्हापुरास आले व 1894 साली डॉ. वानलेस ह्यांनी मिरजेस रुग्णालय उघडले. त्याचे उपकार पन्हाळ्यापासून मिरजेपर्यंत कोण विसरेल? परंतु ती भाविक मंडळींची वर्गणी होती. एखादे राष्ट्र आपल्या खजिन्यातून देऊ लागले म्हणजे प्रकार निराळा होतो. हिवतापाची हकीकत पाहावी.

स्वातंत्र्याच्या सुमारास ह्या देशात दरवर्षी सुमारे साडेसात कोटी लोकांस हिवताप येई व आठ लाख माणसे दगावत, असा अंदाज होता. 1946 साली भोर समितीने खेडोपाडी प्राथमिक आरोग्य केंद्रे उभारण्याची शिफारस केली. त्याच वर्षी मुंबई इलाख्यात डॉ. विश्वनाथन ह्यांनी धारवाड व कारवार जिल्ह्यांत घरोघर डी.डी.टी. फवारून उत्तम गुण मिळविला. म्हणजे फवारणीची कल्पना केवळ परक्यांनी लादली, असे म्हणणे न्यायाचे होणार नाही.

दोन्ही वाटा आपल्याच होत्या. पण दात्यास एक अधिक रुचली. 1952 साली भारत व अमेरिका ह्यांच्यामध्ये तांत्रिक साहाय्याचा करार झाला आणि 1953 मध्ये हिवताप नियंत्रणाची राष्ट्रीय योजना सुरू झाली. डी.डी.टी. व वाहने अमेरिकेने पुरविली. आरोग्य केंद्र उभारण्यास पिढी लागते. फवारा मारलेल्या घरांची संख्या मात्र वर्षअखेरीस मोजून दाखविता येते! 1955 साली जागतिक आरोग्य परिषदेने हिवतापाच्या समूळ उच्चाटनाचा ठराव केला. त्या मोहिमेचा मोठा भार अमेरिकेनेच उचलला, आणि 1958 साली आपल्या योजनेच्या नावातील ‘नियंत्रण’ जाऊन ‘निर्मूलन’ आले.

चावलेला डास घरातील भिंतीवर विसावतो. तेथे औषध असले म्हणजे रोग दुसऱ्यास देण्यापूर्वीच तो मरतो. एवढीच काय ती युक्ती. पालकांपैकी वयोवृद्धांस फवारणीवाले व दारावर लिहिलेली तारीख आठवत असेल. सणासाठी गृहिणीने भिंत सारवली की औषध शेणमातीखाली झाकले जाई, ही गोष्ट निराळी. तरीही 1965 पर्यंत रुग्ण सुमारे एक लाखावर आले. हे यश लहान नव्हे. लक्षावधी मुले त्यामुळे जगली.

पुढे डासांस डी.डी.टी. सोसू लागले, परकीय साहाय्याचा ओघ आटला, आणि रोगावर नित्य पहारा ठेवणारी आरोग्य केंद्रे अपुरीच होती. 1976 साली रुग्णांची संख्या 64 लाखांवर गेली. आमच्या मते दोष देणगीचा नव्हता. देणाऱ्याच्या आवडीपुरतेच काम नेटाने झाले, ह्याचा होता.

आज आपल्या खेड्यात आशा सेविका तापकऱ्याच्या बोटातून रक्ताचा थेंब घेते, तो खर्च मुख्यत्वे आपल्याच सरकारी तिजोरीतून होतो. आफ्रिकेतील अनेक देशांत मात्र मच्छरदाण्या व औषधे 2005 पासून अमेरिकेच्या हिवताप योजनेतून येत असत. जानेवारी 2025 मध्ये त्या सरकारने परदेशी साहाय्य एकाएकी रोखले व जागतिक आरोग्य संघटनेतून अंग काढून घेण्याचे जाहीर केले. जुलैत, 1961 पासून साहाय्य वाटणारी त्यांची संस्थाही बंद झाली. तो निर्णय वॉशिंग्टनमध्ये झाला. ज्या मातांची मुले तापाने फणफणत होती, त्यांचे मत कोणी विचारले नव्हते.